टॉवेलाखालचा बेस

माझा बेस, म्हणजे बेस गिटार, परवा विकला गेला. मी विकला असं म्हणवत नाही, कारण जी रक्कम ठरली ती माझ्या तोंडातून आलीच नव्हती, माझ्या बोटांतून आली. ते पुढं सांगतो. आधी माल काय होता ते ऐका, म्हणजे तुम्हालाही जरा चीड येईल.

फेंडर या अमेरिकन कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या धर्तीवरचा, इंडोनेशियात बनलेला, चार तारांचा, ३४ इंची स्केलचा. पुण्याहून सेकंडहँड घेतलेला, १६ हजाराला. त्यावर मी पंधराएक हजार घातले. पिकअप (तारांचा आवाज पकडतं ते) बदलून अमेरिकन घातलं, पॉट बदलले (बटनांखालचे, २५० के, चांगल्यातले), टोनचा कपॅसिटर बदलला, पितळी सॅडलचा जाड ब्रिज (खालच्या बाजूला तारा टेकतात तो) बसवला, फ्लॅटवाउंड म्हणजे गुळगुळीत तारा लावल्या, आणि आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवली. ही पट्टी का, तर प्रिसिजनचं पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांत असतं, दोन-दोन तारांना एकेक, आणि ते एकमेकांना उलटे जोडलेले असल्यामुळं करंटची गुणगुण आपोआप मरते असं पुस्तकात म्हणतात, पण पुस्तक लिहिणारा आमच्याकडच्या मंगल कार्यालयात वाजवायला आलेला नसतो. तिथं अर्थिंग म्हणजे बोर्डावरचं तिसरं भोक, बस्स. त्याच्या मागं वायरच नसते.

नटची, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या छोट्या पट्टीची, तर वेगळीच कथा. फॅक्टरीचा प्लास्टिकचा नट काढून हाडाचा करून घ्यायचा होता आणि बेळगावात कुणी करेना, म्हणून थेट मिरजेला गेलो. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याचं गाव, २०२४ ला जीआय मानांकनसुद्धा मिळालं त्यांना. तिथल्या एका कारागिरानं उंटाच्या हाडाचा नट असा घासून दिला की बघत राहावं. घासता घासता त्यानं विचारलं, जवारी पण काढून देऊ काय, सतारीसारखी झणझणायला? मी म्हटलं नको हो, तार पट्टीवर झणझणली की आमच्यात तो दोष धरतात. त्यावर त्यानं मान वर करून ज्या नजरेनं माझ्याकडं बघितलं, तशी दया मला नंतर कुणी दाखवली नाही. परवा तर नाहीच.

तर असा हा बेस २४ हजाराला विकायला काढला. जाहिरात टाकल्यावर जे मेसेज आले ते तुम्हाला माहीतच आहेत. "भाऊ लास्ट किती." "मोबाईलवर एक्सचेंज होईल का." एकाला तो स्पीकर वाटला, त्यानं विचारलं आठ इंची आहे का बारा इंची, गाडीच्या डिकीत बसला पाहिजे. शेवटी चिकोडीकडच्या एका पोराचा फोन आला, ऑर्केस्ट्रात वाजवतो, बोलायला नम्र, पिकअप कुठलं ते नीट विचारलं. मला वाटलं चला, जाणकार भेटला. तो आला, पण एकटा आला नाही. मामाला घेऊन आला.

मामा निपाणीकडचे. डोक्याला फेटा, खांद्यावर टॉवेल, खिशात दोन फोन. धंदा विचारला तर म्हणाले जनावरांचा. म्हणजे हेडी, जनावरांचे दलाल. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेपासून कुठल्या बाजारात कुठला बैल उभा आहे हे त्यांना तोंडपाठ. पोराच्या वडिलांनी बजावून पाठवलेलं, पैशाचा व्यवहार आहे, मामाला ने. मामांनी आयुष्यात बेस गिटार बघितलेली नव्हती आणि त्यांना त्याची काही अडचणही वाटत नव्हती.

मी अ‍ॅम्प लावायला लागलो. मामा म्हणाले, "आवाज ऱ्हाऊ दे मास्तर. आधी उभं करा."

उभा केला. मामा भोवतीनं फिरले. पाठीवर थाप मारली. खुंट्या चारी पिळून बघितल्या. मग खाली वाकले आणि एक डोळा मिटून नेकवरनं, म्हणजे गिटारच्या मानेवरनं, लांब नजर टाकली. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर सेकंडहँड बेस घेताना पहिलं हेच करायचं असतं, नेकला बाक किती आहे ते असंच बघतात, पण त्यांनी ते बेससाठी केलं नव्हतं, सवयीनं केलं होतं.

"पाठीत बाक हाय."

मी म्हटलं, मामा, तो थोडा ठेवावाच लागतो. शिवाय आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर लाकूड ओल पितं आणि नेक हलतो. त्याला उपाय आहे, नेकच्या आत स्टीलची सळई असते, ट्रस रॉड म्हणतात, अ‍ॅलन कीनं पाव फेरा फिरवला की सरळ.

"आत सळई घातलीया?"

"हो."

मामांनी भाच्याकडं बघितलं. "मोडल्यालं हाय रे हे."

"मोडलेलं नाही मामा, सगळ्यांनाच असते. कंपनीतनंच येते."

"कंपनीतनंच मोडून येतंय?"

एवढ्यात आई चहा घेऊन आली. आईचं माहेर खानापूर तालुक्यात, लहानपण गोठ्यात गेलेलं. ती ट्रे ठेवून तिथंच टेकली आणि म्हणाली, "शेजारच्या मावशींच्या पायात पण सळई घातलीय बघा. पावसाळ्यात लई दुखतंय." मामा म्हणाले, दुखणारच अक्का. इथून पुढं आई माझ्या पार्टीत नव्हती.

मग मामांनी फ्रेटवरनं, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरनं, अंगठा फिरवला, खालून वर, सावकाश, मोजत. "वीस दात. पैल्या चार-पाचावर खड्डं पडल्यात." खरं आहे, सगळं वाजवणं तिथंच होतं, तिथलेच फ्रेट आधी झिजतात. "आदत न्हवं, चौसा न्हवं, हे जुळून लई वर्सं झाली." आदत म्हणजे दुधाच्या दातांचं, चौसा म्हणजे चार दातांचं, जुळलं म्हणजे सगळे दात आलेलं. आईनं मान हलवली. मी म्हटलं फ्रेट झिजले म्हणजे बेस म्हातारा झाला असं नसतं, फ्रेट घासून सारखे करता येतात, नवीन बसवता येतात. आणि तावात येऊन पुढंही बोललो की जॅको पास्टोरियस म्हणून अमेरिकेत एक जण होऊन गेला, त्याच्या बेसला एकही फ्रेट नव्हता, सगळे काढून टाकलेले, पट्टीवर बोटीला लावतात तो इपॉक्सी चोपडलेला, आणि असलं वाजवायचा की जग वेडं झालं.

"एक बी दात न्हवता?"

"एकही नाही."

"हाय काय तो अजून?"

"नाही. १९८७ ला गेला."

"बघा," मामा म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.

मी विषय बदलून त्यात काय काय सुधारणा केल्यात ते सांगायला घेतलं. पिकअप, पॉट, ब्रिज, मिरजेचा नट. मला वाटत होतं इथं भाव वर जाईल, ही सगळी यादी जाहिरातीत सगळ्यात वर टाकली होती मी. मामा एकेक ऐकून घेत होते आणि प्रत्येकाला "बदललं व्हय" एवढंच म्हणत होते. नटपाशी आल्यावर त्यांनी विचारलं कशाचं हाड? म्हटलं उंटाचं. "म्हंजे धड इंडोनेशियाचं, कान अमेरिकेचं, आन् हाड उंटाचं. खिलार न्हवं हे. संकर हाय."

आता यात मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? माणूस काहीच्या बाही बोलत होता आणि तरी बाजार त्याच्याच बाजूनं आहे. जुन्या फेंडरचं बघा. लिओ फेंडरनं १९५१ ला प्रिसिजन काढला, तेव्हा उभ्या डबल बेसपुढं तो काय टिकणार म्हणून लोक हसलेच असतील. आज त्या काळातला एखादा हाती लागला तर गिऱ्हाईक आधी बटनांची प्लेट उघडून आतलं सोल्डर कधी हललंय का ते बघतं. एक पॉट बदललेला निघाला की किंमत घसरली. खरखरणारा, गंजका, पण मूळचा हवा. म्हणजे तुम्ही पदरचे पैसे घालून वस्तू चांगली करायची आणि ती चांगली केली म्हणून दंड भरायचा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेमर्सन तर तारासुद्धा तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात, त्या मेल्या तारांवर तिची निम्मी गाणी उभी आहेत. त्यानं विकायला काढला असता तर मामांनी त्याला मात्र चांगला भाव दिला असता.

आणि बदल कुणासाठी करायचे हाही प्रश्नच आहे. सगळ्या गावात बेसच्या तारांचा सेट मागायला जा, दुकानदार गिटारच्या तारा काढून देतो, "ह्याच लावून बघा की, जाडच असतात." मंगल कार्यालयात साउंडवाला सगळ्यांचा आवाज चेक करतो, बेसचा चॅनल आला की म्हणतो तुमचं काय, तुमचं होतंय आपोआप. आणि हल्ली तर बोलवतच नाहीत. कीबोर्डवाला डाव्या हातानं दोन सूर दाबतो, झाला बेस, एका माणसाचं पाकीट वाचलं. त्याच गावात गणपती विसर्जनाला एका माणसाच्या उंचीचे डबे ट्रकवर रचून खिडक्यांच्या काचा हलवतात, तेव्हा मात्र सगळ्यांना बेस पाहिजे असतो. छातीत धडधडला पाहिजे. वाजवणारा माणूस नको, फक्त धडधड पाहिजे. मी बेस विकायला का काढला हे पोरानं विचारलं होतं, त्याला मी "जागा नाही घरात" म्हणून सांगितलं.

असो. तर मामांनी टॉवेल काढला.

मला आधी कळलंच नाही. त्यांनी माझा उजवा हात धरून पुढं ओढला, वरनं टॉवेल टाकला आणि आत माझी बोटं चाचपायला लागले. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, तोंडानं बोलायचं नाही, टॉवेलाखाली बोटं दाबायची, बाजूच्याला आकडा कळता कामा नये. इथं बाजूला कोण होतं? आई आणि भाचा. पण मामा पद्धत सोडायला तयार नव्हते. मला म्हणाले "हाताला घट्टं हाईत मास्तर, शेती करताय?" म्हटलं तारांचे आहेत. मग त्यांनी पाचही बोटं मिळून दाबली, सोडली, आणि चार दाबली.

पाच आणि चार नऊ. नऊ हजार!

घाबरलो मी. आणि घाबरलो की बेस वाजवणाऱ्या माणसाचं जे होतं ते झालं, उजव्या हाताची पहिली दोन बोटं आपोआप चालायला लागली, एकाआड एक, टकटक टकटक, मामांच्या तळहातावर. लग्नात नवरीची गाडी लेट झाली की स्टेजवर पण मी असाच मांडीवर वाजवत बसतो. मामा थांबले. डोळे बारीक केले. टॉवेल ओढून खांद्यावर टाकला.

"नवावर दोन म्हंताय. अकरा. चला, तुमचं बी ऱ्हायलं, आमचं बी ऱ्हायलं."

मी म्हटलं मी काहीच म्हटलेलं नाही. आई म्हणाली, "टॉवेल काढल्यावर बदलत नाहीत रे." भाच्यानं तेवढ्यात फोन काढून स्कॅनर मागितला. ऐपत असून गप्प बसलेलं ते पोर, पिकअपची किंमत त्याला पैशापैशानं माहीत होती, एका शब्दानं बोललं नाही. मामांनी वर कातडी पट्टाही मागितला, "दावं नको व्हय? जनावर सुट्टं कसं न्हेऊ?" पट्टा गेला. आईनं डब्यातला कुंदा बांधून दिला तो वेगळाच.

जाताना मामांनी जिन्यावरनं ओरडून विचारलं, दाणापाणी काय लागतंय ह्याला? म्हटलं काही लागत नाही, बॅटरीसुद्धा नाही. त्यावर भाच्याला म्हणाले बरं हाय, खर्चाचं न्हाई. एवढा वेळ त्यांना त्यात आवडलेली ही पहिली गोष्ट. अ‍ॅम्प शेवटपर्यंत चालूच होता, केबलचं टोक जमिनीवर पडून घूं करत होतं, एक सूर कुणी ऐकला नाही.

काल संध्याकाळी पोराचा फोन. सर, मामा म्हणतोय उद्या पुढं विकायचा झाला तर मूळचं पिकअप आणि ब्रिज पाहिजे, तुमच्याकडं असेल तर देऊन टाका, असंही तुम्हाला काय उपयोग. आहे ना. दोन्ही आहेत. बिस्किटाच्या डब्यात, जुन्या नटसकट, मी काहीच फेकत नाही. त्याला म्हटलं आहे, पण ओरिजिनल मालाचा भाव वेगळा असतो, आणि तो मी ठरवत नाही. मामांना घेऊन ये रविवारी. आई बसेल व्यवहाराला, तिनं कपाटातला मोठ्यातला मोठा टॉवेल आत्ताच काढून ठेवलाय.