कोकणात रेल्वे ‘अशक्य’ कधीच नव्हती

गणपती जवळ आले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘इंग्रजांनी कोकण पाहून हात टेकले, इथे रेल्वे अशक्य म्हणाले; ती आपण आठ वर्षांत करून दाखवली.’ आठ वर्षांचं खरं आहे. बाकीचं खोटं आहे, आणि त्या खोट्याने कोकणावर झालेला अन्याय झाकला जातो.

डोंगर इंग्रजांना जमत नव्हते म्हणता? मग बोरघाट बघा. कर्जतहून खंडाळ्याला चढणारा हा मार्ग 1856 ते 1863 मध्ये झाला. 37 फुटांना एक फूट चढ, 25 बोगदे. घाटात एके ठिकाणी डोंगराच्या सोंडेवर वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी येऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि मघाचा शेवटचा डबा पुढे होऊन उरलेला चढ सुरू व्हायचा. 1929 मध्ये नवा मार्ग निघाला आणि हे स्टेशन इतिहासजमा झालं. घाटाचं काम चालू असताना 1861 च्या सुमारास 42,000 मजूर राबत होते. पटकीने माणसं पटापट गेली. त्याआधी 1859 मध्ये मजुरी थकली म्हणून दंगा झाला होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारला, तर त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट हाती घेतलं. पैसा मिळणार असेल तर ही मंडळी किती चिवट होती ते यातून कळतं.

‘पण तो घाट, किनाऱ्याचं काय?’ मुरगावच्या बंदरातून दूधसागरावरून कॅसलरॉकला जाणारी मीटरगेज 1888 मध्ये पुरी झाली. राज्य पोर्तुगिजांचं, कंपनी इंग्रजांची.

मग रत्नागिरी का राहिली? बोरघाटाला दख्खनचा कापूस मुंबई बंदरात उतरवायचा होता, आणि भांडवलावर सरकारची 5 टक्के व्याजाची हमी होती. आमच्याकडून मुंबईला जात होती ती माणसं. चाकरमानी बोटीने जातोच आहे, त्याच्यासाठी रूळ कोण टाकणार? त्याच बोटींच्या भरवशावरचे 600 हून अधिक लोक 17 जुलै 1947 ला रेवसच्या वाटेवर ‘रामदास’बरोबर बुडाले.

काम सोपं होतं असं मी म्हणत नाही. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल, मऊ मातीत सारखा ढासळणारा पेडण्याचा बोगदा: ज्यांनी हे केलं त्यांना माझा दंडवत. पण ‘अशक्य’ म्हटलं की स्वातंत्र्यानंतरची दिरंगाईही माफ होते. दिवा-पनवेल लाइन 1964 ची. रोह्याला रूळ पोचले 1986 मध्ये. तिथून पुढे वीरपर्यंत गाडी जायला 1993 उजाडलं. रोहा आणि वीरच्या मध्ये करबुडे नाही की पेडणे नाही.