संत्र्याचं पान बटाट्यात खोचून संत्री लागत नाहीत

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय, सोबत छोटा व्हिडिओ. त्यात म्हटलंय : कोणत्याही झाडाचं एक पान घ्या, देठाला मध लावा, बटाट्यात खोचून कुंडीत पुरा. सात दिवसांत मुळं, वर्षभरात फळं. आंबा, लिंबू, संत्रा, काहीही चालतं. पाण्यात ठेवलं तर पाणी बदलू नका, जुन्या पाण्यात मुळांचं टॉनिक तयार होतं. बाराही महिने लावा. नर्सरीवाले हे कधीच सांगणार नाहीत.

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीनं हे वाचलं आणि संत्र्याच्या नर्सऱ्यांच्या शेंदुरजना घाटहून आणलेल्या संत्र्याच्या कलमाची पानं खुडली. हातभर उंचीचं रोप ते, त्याच पानांवर जगत होतं. खिडकीत बाटल्यांची रांगही लागली आहे. हे पुढे पाठवणाऱ्यांनी आता जरा ऐकून घ्यावं.

'कोणतंही पान' हे साफ खोटं आहे. झाड वर वाढायला डोळा लागतो, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती बारीक कळी. तो पेरावर, देठाच्या बगलेत असतो. नुसतं पान खुडलं की डोळा फांदीवरच राहतो. पानातूनच नवा कोंब काढणारी झाडं मोजकी : पानफुटी, स्नेक प्लांट, जेड, रेक्स बिगोनिया, आफ्रिकन व्हायोलेट आणि अशी आणखी काही. आंबा आणि संत्रा त्यांत नाहीत. फसगत होते ती वेगळ्याच कारणानं. रबर प्लांटच्या किंवा मनी प्लांटच्या नुसत्या पानालाही कधी कधी मुळं फुटतात. पान महिनोन्‌महिने हिरवं राहतं, माणूस आनंदानं फोटो टाकतो, पण कोंब काही येत नाही, कारण यायला डोळाच नसतो.

'आमच्याकडे ब्रह्मकमळ तर पानावरूनच आलं' असं कुणी म्हणेलच. आलं असणार. पण आपल्या कुंड्यांमधल्या ब्रह्मकमळाचं ते 'पान' म्हणजे चपटं झालेलं खोड आहे. त्याच्या कडेच्या खाचांत डोळे असतात, फुलंही तिथूनच येतात. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे लागतात हेही खरं. मात्र पिवळ्या कडेच्या जातीचा तुकडा लावला तर नवं रोप बहुधा बिनकडेचं, हिरवं निघतं. तेवढं खरं मान्य करतो, पुढचं नाही.

आणि संत्रा? अहो, लिंबूवर्गीय फळांवरच काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच नागपुरात, अमरावती रोडवर आहे. नागपुरी संत्र्याची कलमं होतात ती जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, संत्र्याचा डोळा सालीत बसवून (याला डोळा भरणं म्हणतात), आणि ही संस्थाही तेच सांगते. यात जमिनीखालची मुळं खुंटाची असतात, आणि मूळकूज, डिंक्या या रोगांपुढे झाड किती टिकेल ते बरंचसं खुंटावर ठरतं. समजा चमत्कार होऊन पानातून झाड आलंच, तरी त्याला तो खुंट कुठून मिळणार? नर्सरीवाले लपवतात म्हणे. शेंदुरजना घाटला डोळे भरण्याचं काम उघड्यावर चालतं, कुणीही जाऊन बघावं.

सगळ्यात संताप येतो तो 'पाणी बदलू नका' या सल्ल्याचा. नागपुरात पावसाळा लागला की डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि डेंग्यूचा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग घसा कोरडा करून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतो तो याचसाठी. शिवाय ही अंडी पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. बाटली आठवड्याला आतून घासायची, तोंडाला कापूस लावायचा. तसंही साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मुळं कुजतात. खिडकीत बाटल्या आणि घरात तान्हं लेकरू, अशा घरांत हा सल्ला जातोय.

मधाचं थोडक्यात. मधानं काही जंतू रोखले जातात, एवढंच. मुळं फुटतात ती ऑक्झिन या संजीवकामुळे. असं वाढीचं संजीवक असतं हे डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1920 च्या दशकात ओटच्या कोंबांवर दाखवलं. रूटिंग पावडरीत त्याच गटातलं इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं. बटाटा मात्र मातीत कुजतो, नाहीतर स्वतःच उगवतो.

बाराही महिने? ज्यानं हे लिहिलं त्यानं नागपूरचा मे महिना पाहिलेला नाही. पारा पंचेचाळीसला टेकतो. पान नाही, फांदीची काडी लावली तरी मुळं नसलेली ती काडी पानांतून उडणारं पाणी भरून काढणार कशी? नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, जाऊ द्या. पाऊस स्थिरावला की जास्वंद, क्रोटन, मोगरा लावा. गुलाबाची काडी छाटणीनंतर, थंडीत. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्या, खालची पानं काढा, दोन डोळे मातीत जाऊ द्या आणि कुंडी सावलीत ठेवा. मुळं आली का म्हणून उपटून बघायचं नाही. शंका आलीच तर नखानं साल जराशी खरवडा : आत हिरवं असेल तर काडी जिवंत आहे, तपकिरी असेल तर फेकून दुसरी लावा.