जीन्सचं माप गळ्यावरून ठरत नाही

दिवाळीची खरेदी जवळ आली की भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘ट्रायल रूमशिवाय परफेक्ट जीन्स’ असा त्याचा मथळा. खाली नियम असे: जीन्सची कंबर गळ्याभोवती गुंडाळा, टोकं मागे भिडली की बिनधास्त घ्या; एक साइज लहानच घ्या, पुढे सैल होते; बळ्ळारीचा लोकल माल घेऊ नका; जीन्स धुऊ नका, फ्रीजरमध्ये ठेवा; आणि मुलं झालेल्या बाईने जीन्सचा नाद सोडावा. मी बेळगावात वडगावला शिलाईचं काम करते. हे नियम पाळून घेतलेल्या जीन्स शेवटी माझ्याकडे अल्टरला येतात, म्हणून एकेकाला उत्तर देते.

आधी गळा. गळ्याचा घेर कंबरेच्या निम्मा असतो, असं हा नियम धरून चालतो. बटण लावून सपाट धरलेल्या जीन्सची रुंदीही कंबरेच्या निम्मी, म्हणून ती गळ्याभोवती पुरली की कंबरेलाही पुरणार. काहीजणींना ते जमूनही जातं, त्यामुळेच मेसेज टिकून आहे. पण गळा 13 इंच आणि कंबर 32 इंच अशा कितीतरी बायका आहेत. त्यांना हा नियम 26 ची जीन्स देतो. बाळंतपणानंतर कंबर सहज तीन-चार इंच वाढते, गळा त्या मानाने फारसा हलत नाही.

याहून मोठी चूक पुढे आहे. हाय राइज म्हणजे उंच कमरेची जीन्स बेंबीपाशी बसते आणि लो राइज त्याच्या बरीच खाली, कमरेच्या हाडांवर. एकाच बाईचे या दोन जागांचे घेर वेगळे असतात. गळा मात्र एकच! मग तो यातल्या कुठल्या जागेचं माप सांगतो? सीट म्हणजे बसायचा भाग, त्याबद्दल आणि मांडीबद्दल तर तो काहीच सांगत नाही, आणि जीन्स अडते ती बहुतेक तिथेच. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बघा. मांडीत अडकते, वर सरकतच नाही. किंवा सीटला बरोबर बसते, पण कंबरेला मागे फट पडते आणि स्कूटीवर बसलं की पाठ उघडी पडते. त्या फटीचं कारण बऱ्याचदा मागच्या योकमध्ये असतं. कमरपट्टीच्या खाली, खिशांच्या वर जो व्हीसारखा जोड दिसतो, तो योक. तो जवळजवळ सरळ कापलेला असेल तर भरलेल्या सीटवरून कंबरेकडे येणारं वळण जीन्स घेतच नाही. दुकानात जीन्स उलटी करून हा जोड बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

गणपत गल्लीतल्या, खडेबाजारातल्या लहान दुकानांत ट्रायल रूम नसते, ही अडचण मात्र खरी आहे. त्यावर उपाय टेपचा. घरात जी जीन्स अंगाला उत्तम बसते ती पलंगावर सपाट पसरा आणि पाच मापं लिहून घ्या: कमरपट्टी, झिपच्या तळाशी सीट, पायांच्या मधल्या जोडाच्या इंचभर खाली मांडी, त्या जोडापासून पुढून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत राइज, आणि आतली लांबी. तीच मापं दुकानात काउंटरवर ताडून बघा. लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका. 30 लिहिलेल्या जीन्सची पट्टी टेपवर पूर्ण घेराला 32 भरते, हे नेहमीचं आहे. दुकानदार म्हणेल, ‘अक्का, आरामात येतंय बघा की.’ त्याच्याकडे टेप मागा.

एक साइज लहान घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नका घेऊ. निव्वळ सुती डेनिम वापरून थोडं सैलावतं हे खरं, पण धुतलं की पुन्हा आखडतं. स्ट्रेच जीन्समध्ये इलास्टेनचा धागा बहुधा आडव्या विणीत असतो, त्यामुळे ती रुंदीत ताणते. राइज उंचीला कमी पडला तर तो काही वाढत नाही. तुम्ही बसलात की पट्टी मागे खाली ओढली जाणारच. घट्ट जीन्स तुम्हाला आधीच सांगत असते. जांघेपाशी मिशांसारख्या आडव्या रेघा ओढल्या जातात, खिशांची तोंडं उघडी पडतात. अशी जीन्स घेऊन माझ्याकडे आलात तरी मला फार काही करता येत नाही. ब्लाउजला आपण आत माया सोडतो, दोन वर्षांनी उसवून सैल करतो. जीन्सच्या मागच्या शिवणीत दोन्ही कापडं एकमेकांत दुमडून दुहेरी टीप मारलेली असते, तिथे उसवून वाढवायला कापडच नसतं. उलट सीटला बरोबर आणि कंबरेला सैल असलेली जीन्स मागच्या मधल्या शिवणीतून आत घेता येते. म्हणून सीटचं माप धरूनच घ्या.

बळ्ळारीचा माल वाईट, हे तर मला सहनच होत नाही. आपल्याच कर्नाटकात जीन्स शिवणारं एवढं मोठं गाव आहे, हजारो हात तिथे त्यावर पोट भरतात. कुठल्याही गावच्या मालात बरंवाईट असतंच. ते नावावरून ठरवू नका, शिवणीवरून ठरवा. बाजूची शिवण वरून खाली सरळ उतरते का, की गुडघ्याखाली पुढे वळते? वळत असेल तर कापड तिरकं कापलंय. धुतल्यावर ते आणखी पिळणार, मग लेबल कितीही महाग असो.

फ्रीजरचं थोडक्यात. थंडीने बरेच जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि अंगाच्या उबेने पुन्हा जागे होतात. घाम आणि तेलकटपणा तर कापडात तसाच राहतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस, त्यात खानापूरकडून बसने येणारीच्या जीन्सच्या खालच्या कडेवर तांबडा चिखल. तो फ्रीजरने कसा जाणार? उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, स्ट्रेच असेल तर कडक इस्त्री टाळा. पावसाळ्यासाठी घेताना कापडाचं वजनही विचारा. डेनिम चौरस यार्डाला किती औंस यावर मोजतात. 13-14 औंसाची जीन्स आपल्या आषाढात दोन दिवस वाळत नाही, 9-10 औंसाची बरी.

राहिलं मुलं झालेल्या बाईचं. बायकांसाठी वेगळ्या मापाची जीन्स लिव्हाइजने 1934 मध्येच काढली, आणि तेव्हाही तिच्यावर वयाची अट नव्हती. पोट सुटलंय म्हणून जीन्स सोडायची गरज नाही, राइज बदलायची गरज आहे. सिझेरियन झालेल्या बाईला लो राइजची पट्टी नेमकी टाक्यांच्या जागेवर घासते, बटण तिथेच रुततं. पुढचा राइज 10-11 इंचांचा असेल तर पट्टी टाक्यांच्या बरीच वर बसते, पोटही सावरून धरलं जातं, आणि कुर्ती वर खेचली गेली तरी मागून काही दिसत नाही. खुर्चीत बसून, खाली वाकून, पाय दुमडून बघा. जिथे रुतेल ती परत करा.