नत्र वेलीचं मोजावं, पाण्याचं नाही

द्राक्ष बागायतदार मंडळी, पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नत्राचं रूप, मोजायच्या फंदात पडू नका. नत्र मोजायचंच तर वेलीचं मोजावं. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पानांचे देठ खुडून, पिशवीत घालून, वर प्लॉटचं नाव लिहून लॅबला पाठवता ना? तेवढं पुरे. माल युरोपला जायचा असेल तर मण्यांतला औषधांचा अंश तपासणंही आलंच. शेवटी तिकडची लेकरं खाणार. आपलं लेकरू मळ्यातल्या विहिरीचं पाणी पितं, त्याचा कंटेनर कोण परत पाठवतंय?

आपली पाणीपरीक्षा सोपी. पेला उजेडात धरावा, घोट घ्यावा, "गोड आहे" म्हणावं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात. ड्रिपमधून सोडलेलं कॅल्शियम नायट्रेट, मूठमूठ फेकलेला युरिया, गोठ्यामागचा उकिरडा, विहिरीपासून पंधरा पावलांवरचा शोषखड्डा, सगळं पावसाबरोबर खाली झिरपतं म्हणे. खाली म्हणजे नेमकं कुठे, ही चौकशी आपण करू नये.

तरी गावातल्या बाया पाणी तपासायचं किट घेऊन आल्याच, तर नायट्रेटमुळे नळीतलं पाणी गुलाबी होताना मोठं छान दिसतं. फोटो काढा. लॅबचा अहवाल आला तर आणखी सोय. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, तीही नायट्रेटची. अहवालात 'नायट्रेट-नायट्रोजन', म्हणजे नायट्रेटमधला नुसता नत्र, 20 लिहिलं असेल तर 20 हे 45 पेक्षा कमीच; फाइलला लावून मोकळे व्हा. "मामा, त्याला 4.43 नं गुणायचं असतं, 88 च्या वर जातं," असं सांगणारा बीएस्सीवाला भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्या.

आईंना तर कळूच देऊ नका. बाळाच्या पावडरच्या दुधासाठी त्या पाणी खळाखळा उकळतात, पातेलं निम्म्यावर येईपर्यंत. पाणी निम्मं होतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणजे घोटाघोटाला दुप्पट. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, तुरटी फिरवा, ते हलत नाही. आरओनं कमी होतं, पण यंदा ट्रॅक्टरचे हप्ते आहेत.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद यानं घटते, असं डॉक्टर म्हणतात. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसली तर घाबरू नका. निफाडचा पारा उतरला असेल. आणखी एक दुपटं गुंडाळा.