परक्यांचे किल्ले, आपले भांडण

वसईच्या किल्ल्यावर सरकारी पैसा खर्च करावा की नाही, यावर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जोरदार वाद चालू आहे. ‘पोर्तुगीजांनी बांधलेल्या भिंती आहेत, पडल्या तर पडू द्याव्यात, तोच पैसा रायगडाला द्यावा,’ या मताला सर्वाधिक अंगठे मिळाले आहेत. मस्कतमध्ये बसून ते वाचताना माझा संताप होतो, कारण घरून पाहुणे आले की ज्या जागी मी त्यांना सर्वांत आधी नेतो, तिची निम्मी शोभा पोर्तुगीजांच्याच भिंतींची आहे.

जुन्या मस्कतच्या बंदराला दोन्ही अंगांनी धरून, काळपट खडकांवर, जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले उभे आहेत. तुर्की आरमाराच्या हल्ल्यांनी धास्तावलेल्या पोर्तुगीजांनी ते १५८० च्या दशकात बांधले आणि १६५० मध्ये ओमानचे राज्यकर्ते इमाम सुलतान बिन सैफ यांच्या सैन्याने शहरासकट जिंकून घेतले. जिंकल्यावर ओमानी लोकांनी ते परक्यांचे म्हणून पाडले नाहीत, तर वापरले, वाढवले आणि जलालीत पुढे कित्येक वर्षे तुरुंगही ठेवला. आज दोहोंच्या मध्ये निळ्या-सोनेरी खांबांचा अल आलम राजवाडा आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा याहून वेगळे काय घडले होते? ज्या किल्ल्यासाठी मराठ्यांची एवढी माणसे पडली, तो अजून शत्रूचाच मानणे हा त्या विजयाचा कसला मान? विशेष म्हणजे पोर्तुगीजांचा पाठलाग करत याच मस्कतचे अरब १६७४ मध्ये वसईला उतरले होते आणि त्यांनी तिथली चर्चे लुटली होती. म्हणजे या दोन किनाऱ्यांची ओळख माझ्या नोकरीपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

हे सगळे ग्रुपवर लिहिले, तर धाकट्या चुलतभावाचे उत्तर आले, ‘दादा, तिकडे तेलाचा पैसा आहे आणि विचारणारे कोणी नाही.’ त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. जलाली आपल्याला सहसा बाहेरूनच पाहावा लागतो, तर वसईच्या किल्ल्यात कोणीही उठून जावे, पडक्या चर्चमध्ये फिरावे आणि नागेश्वराला हात जोडून यावे. हा फरक मी ग्रुपवर सांगितला नाही, कारण तो माझ्या बाजूचा नव्हता.

पाहुण्यांना मी पुढे मुत्राहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरवतो, तिथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, लोबानाचा भाव करून दाखवतो आणि सकाळी अकराच्या आत ग्रँड मशिदीत नेतो. इराणी स्त्रियांनी विणलेला तिथला २१ टनांचा गालिचा पाहून सगळे थक्क होतात, पण भिंतींचा दगड भारतातून आला आहे, हे मी सांगितले की काकांची मान ताठ होते आणि खरे सांगायचे तर माझीही. राजवाड्याजवळच्या शिवमंदिरात काकू डोळे पुसतात. एवढ्या वर्षांत रचलेला माझा हा दौरा कोणत्याही टूर कंपनीपेक्षा सरस आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तरीही कॉर्निशवर लवातियांच्या वस्तीची वेस येते, तेव्हा मी नेहमी दोन पावले अलीकडेच थांबतो. सिंधशी नाते सांगणारे ते लोक पिढ्यानपिढ्या इथे व्यापार करून ओमानी झाले. आत फक्त रहिवाशांनी जायचे, अशी पाटी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे रेसिडेंट कार्ड मात्र कंपनीच्या मर्जीवर आहे. ज्या शहराबद्दल मी ‘आमच्याकडे’ म्हणून बोलतो, तिथल्या कोणत्या भिंतीची डागडुजी करावी, हे मला कोणी विचारणार नाही, आणि कदाचित म्हणूनच इथली प्रत्येक भिंत मला इतकी नीटनेटकी दिसते. वसईच्या मतदार यादीत माझे नाव अजून आहे. त्यामुळे त्या ग्रुपवर मी भांडत राहणार आहे, मग चुलतभाऊ मला ‘मस्कतचे शेख’ म्हणाला तरी चालेल.