खुलासा : जेन ऑस्टिनचं लेखन घरच्यांपासून लपलेलं नव्हतं

‘दार करकरलं की जेन ऑस्टिन कागद लपवायची, कारण घरच्यांना तिचं लिहिणं मान्य नव्हतं’ हा मजकूर या इंग्लिश कादंबरीकार लेखिकेबद्दल सध्या फिरतोय. त्यातलं दार खरं, कारण खोटं.

करकरणाऱ्या दाराची आठवण तिच्या भाच्याने १८६९च्या अखेरीस छापलेल्या चरित्रात आहे. हॅम्पशायरमधल्या चॉटनच्या घरातली. पण तो स्पष्ट लिहितो, की लपवाछपवी होती ती नोकरचाकर, पाहुणे आणि कुटुंबाबाहेरच्यांपासून. घरच्यांपासून नाही! १७९७ मध्ये तिची कादंबरी घेण्याबद्दल लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहिलं ते खुद्द तिच्या वडिलांनी, खेड्यातल्या पाद्रीबाबांनी. १८१४ मध्ये भाची अ‍ॅना स्वतःच्या कादंबरीची प्रकरणं या आत्याकडे मतासाठी पाठवत होती.

धाकटी भाची कॅरोलाइन, जन्म १८०५चा. तिने १८६७ मध्ये बालपणीच्या आठवणी लिहिल्या, आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. आत्या पऱ्यांच्या गोष्टी सांगायची, नाश्त्याआधी पियानोचा सराव करायची. सोळाव्या वर्षापर्यंत लिहिणं थांबव, असंही तिने कॅरोलाइनला सांगितलं होतं, कारण त्या वयात आपण स्वतः जास्त वाचायला आणि कमी लिहायला हवं होतं, असं तिला वाटे. हा सल्ला संदर्भापासून तोडून ‘मुलींना लिहायला बंदी’ म्हणून पसरवू नका.