वेलीत अडकलेला चेंडू

एका लेखात शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानाला 'एक जुनं मैदान' म्हणून एका ओळीत उरकलंय, म्हणून लिहितोय. मिनियापोलिसहून गाडीने पूर्वेकडे जाताना आम्ही तिथे थांबलो ते निव्वळ बाबांच्या हट्टापायी. (त्यांना क्रिकेटशिवाय काही कळत नाही!) मैदान १९१४ चं, १९८८ पर्यंत तिथे दिवेच नव्हते, आणि मधला मोठा धावफलक अजून माणसं आत बसून हाताने बदलतात. चेंडू भिंतीवरच्या वेलीत अडकला आणि क्षेत्ररक्षकाने दोन्ही हात वर केले, की फलंदाजाला दुसरा बेस (धावताना गाठायच्या चार थांब्यांपैकी दुसरा) मिळतो. आमच्यासमोर नेमकं तेच झालं. बाबा खुर्चीतून उठलेच, "अरे, आपल्या वाडीतसुद्धा आंब्यात अडकला की दोनच रन!" पार्किंगचे पैसे मात्र तिकिटाच्या वर गेले.